उघड्या तोंडाची गाळणी

"भोपळा? मला?"

मुलीने उत्तरपत्रिका टेबलावर आपटली, तसा कपातला चहा बशीत सांडला. टेबलापलीकडे तिची आई बसली होती. व्हेक्टर कॅलक्युलसचा पेपर आईनेच तपासला होता. काल घरी विचारलं, तर "घरी पेपरचं बोलायचं नाही, उद्या चहाच्या वेळी विभागात ये," म्हणून आईने विषय तोडला होता. या एका प्रश्नापायी मुलीचं वर्ष बुडणार होतं.

"नमुना उत्तराप्रमाणे तपासलंय," आई मान वर न करता म्हणाली. "ते सरांनी काढलंय. सर समोरच आहेत, त्यांना विचार."

विभागप्रमुख किटलीपाशी रिकामा कप घेऊन उभे होते. "आईच परीक्षक, तरी रडगाणं?" ते हसले.

मुलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"रडत नाहीये सर, भांडतेय. प्रवाह वरून सरळ खाली येतोय. मध्ये अर्ध्या गोलाचं पृष्ठ, त्याचं तोंड उघडं. आणि त्यातून जाणारा प्रवाह तुम्ही शून्य म्हणता?"

"थिअरम लाव की. डायव्हर्जन्स शून्य, म्हणजे आत शिरेल तेवढंच बाहेर, म्हणून प्रवाह शून्य. दोन ओळींचं उत्तर. वर्षानुवर्षं हेच शिकवतोय मी."

"ते थिअरम सगळीकडून बंद असलेल्या पृष्ठालाच लागतं!"

"आता तू मला शिकवणार?"

मुलीने आईकडे पाहिलं. आई बशीतला चहा पुसत होती. सख्खी आई, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली! मुलीचा राग मस्तकात गेला. तिने सरांच्या हातातला कप ओढून टेबलावर ठेवला, त्यावर गाळणी धरली आणि किटली तिरपी केली.

"हा अर्धा गोल. तोंड उघडं. सांगा, जाळीतून किती चहा गेला?"

कप काठोकाठ भरला. तिने किटली सरळ केली नाही.

"तुमच्या उत्तराप्रमाणे थेंबसुद्धा नाही!"

चहा टेबलावरून ओघळायला लागला, तसे सर मागे सरले. "पुरे, पुरे!" ते गाळणीकडे बघतच राहिले. त्यांचा चेहरा पडला. मग आईकडे न बघता म्हणाले, "नमुना उत्तर बदलतो मी. सगळ्यांचा हा प्रश्न पुन्हा तपासा, मॅडम."

मुलगी तरातरा बाहेर पडली. आई मागोमाग आली.

"मॅडम, तुम्हाला चूक दिसली नव्हती?" विभागात ती आईला मॅडमच म्हणायची. आज तो शब्द तिने दगडासारखा फेकला.

"पेपर हातात आला तेव्हाच दिसली. सरांना सांगितलं. कंत्राटावरच्या बाईंनी आम्हाला शहाणपण शिकवू नये, म्हणाले. त्यांच्या सहीशिवाय उत्तर बदलत नाही. तुझ्यासारखंच बरोबर लिहिलेली बाकीची पोरं तर भोपळा घेऊन मुकाट घरी गेली."

मुलगी जागीच थांबली.

"म्हणजे तू मला मुद्दाम इथे बोलावलंस? मग काल का नाही सांगितलंस, आई?"

आईने रुमालाने तिच्या बाहीवर उडालेला चहा पुसला.

"सांगितलं असतं, तर आज तू एवढी चिडली असतीस का?"