हवेची जागा

सोनोग्राफीच्या पडद्यावर उर्वशीच्या पोटातलं बाळ हललं तसा नवरा धनराज हसला आणि खोकू लागला. घुग्घुसच्या कोळसाखाणीत जडलेला तो खोकला थांबेना, म्हणून डॉक्टरबाईंनी उर्वशीला उठवून त्यालाच खाटेवर झोपवलं, छातीला जेल लावलं, बरगड्यांवरून प्रोब फिरवला. “मॅडम, माह्यं फुप्फुस तं साफ दिसून राह्यलं!” धनराज खुशीत म्हणाला. बाईंनी प्रोब त्याच जागी पुन्हा फिरवला. “का झालं, मॅडम?” उर्वशीनं विचारलं. “चांगल्या फुप्फुसात हवा असते,” बाई म्हणाल्या. “मशीननं आत सोडलेला आवाज हवेवर आपटून परत फिरतो, आतलं काही दिसत नाही. यांचं दिसतंय, कारण हवेच्या जागी पाणी भरलंय. पाण्यात मोठी गाठ आहे.” उर्वशीनं खाटेची कड धरली. धनराज पडद्याकडे बघत राहिला. “बाळ दिवाळीले होईन म्हणता,” तो म्हणाला. “थे मले दिसन ना?” बाईंनी उर्वशीच्या हाती त्याच्या छातीवरचं जेल पुसायला कागद दिला.