एकाच पाकिटात

डाकेची पिशवी रिकामी करताना एक पाकीट तिच्या ओळखीचं निघालं. आतल्या कागदावर अक्षर तिचंच होतं. समासात मुख्यालयाचा शेरा होता: 'आपल्या स्तरावर चौकशी करून अहवाल आजच्या डाकेने पाठवावा.'

आपला स्तर म्हणजे साहेब. आणि तक्रार होती ती साहेबांविरुद्धच.

पाकीट उघडंच आलं होतं. तक्रारीवर तिने लाल शाईने 'गोपनीय' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. रेघा शाबूत होत्या.

"काय ताई, स्वतःलाच पत्र लिहायला लागलात?" शेजारच्या टेबलावरून हेडक्लार्क म्हणाले. म्हणजे पिशवी तिच्याकडे येण्याआधी त्यांनी चाळली होती.

ती मोजणीदार होती. सरकारने तिला जमिनी मोजायला नेमलं होतं, त्यासाठी खर्च करून शिकवलं होतं आणि साहेबांनी रुजू झाल्या दिवशीच आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं. मोजणीचं यंत्र तिच्याच खुर्चीमागे असे. रोज ती ते चार्ज करून ठेवी, आणि पुरुष ते घेऊन जीपमध्ये बसत.

तिने कागदावर आवकचा शिक्का मारला. विषयाच्या रकान्यात पेन जरा थांबलं. मग 'भेदभावाबाबत' असं लिहून तिने तो कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. दुसरं कोण ठेवणार? काम तिचंच होतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. असते तर बरं झालं असतं, वाईटपणा निदान कागदावर मांडता येतो. त्यांनी तिला खुर्ची दिली, पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.

"कोणी अपशब्द वापरले?"

"नाही साहेब."

"पगार, रजा, सगळं वेळेवर?"

"हो."

"मग भेदभाव केला कोणी?"

"तुम्ही, साहेब. मला मोजणीला पाठवत नाही."

"अहो, उन्हातान्हाचं काम. त्यात हद्दीवरून लोक काठ्या घेऊन उभे असतात. तुम्ही मला मुलीसारख्या. मी माझ्या मुलीलाही पाठवलं नसतं."

"तुमची मुलगी मोजणीदार नाहीये, साहेब."

साहेब हसले. अगदी मनापासून हसले.

"हे बघा, किती नेमकं बोलता तुम्ही. अहवालाचा मसुदा तुम्हीच करून आणा. हेडक्लार्कचं वाक्य एकदा सुरू झालं की संपत नाही."

ती टेबलावर परत आली. मोबाइलवर नवऱ्याचा मेसेज होता: 'आलं का उत्तर?'

'आलं,' तिने लिहिलं.

'काय म्हणतात?'

तिने मोबाइल पालथा घातला आणि लिहायला बसली. साहेबांच्या वतीने लिहायचं होतं, तेव्हा साहेबांची काळजी तिने ऊन, काठ्या, मुलगी यांच्यासह जशीच्या तशी मांडली. शेवटी एक ओळ स्वतःची घातली: 'तक्रारदार कर्मचारी या चौकशीने समाधानी नाहीत.'

साहेबांनी मसुदा सावकाश वाचला. दोन स्वल्पविराम दिले. शेवटच्या ओळीशी आले, हिरव्या पेनाने 'नाहीत' खोडलं आणि वर 'आहेत' लिहिलं.

"एवढाच फरक केलाय. बाकी उत्तम. पक्की प्रत करा, आणि खाली तुमची सही."

"नाही केली तर?"

"तर चौकशी चालू राहील. राहू दे, माझं काय जातंय? फक्त बढतीच्या यादीत चौकशी प्रलंबित असलेल्यांचं नाव घालता येत नाही. यादी आजच जातेय. तुमचं नुकसान माझ्या हातून व्हावं, असं मला वाटत नाही हो."

आणि ते त्यांना खरंच वाटत नव्हतं.

खिडकीबाहेर जीप उभी होती. यंत्राची तिपाई टपावर बांधायची खटपट चालली होती. बांधणाऱ्याला गाठ जमत नव्हती. दोघं खाली उभे राहून त्याची चेष्टा करत होते. शेवटी त्याने दोर नुसताच गुंडाळला आणि सगळे आत बसले. जीप फाटकाबाहेर पडली.

तिने पक्की प्रत केली आणि सही केली.

हेडक्लार्क बढतीची यादी घेऊन आले. "नाव आहे बरं का ताई. बघून घ्या. आता चहा लागू झाला तुमच्याकडे."

नाव होतं. हुद्दा बरोबर होता, नावातली वेलांटीसुद्धा बरोबर होती. पुढे रकाना होता, 'प्रत्यक्ष मोजणीचा अनुभव'. पुरुषांच्या नावांपुढे तिथे वर्षं लिहिलेली होती. तिच्या नावापुढे त्याच हिरव्या पेनाने, सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'निरंक'.

"हे..." तिने बोट ठेवलं.

"खोटं आहे का?" हेडक्लार्कनी विचारलं. चेष्टेने नाही, खरंच विचारलं.

खोटं नव्हतं.

"दोन्ही एकाच पाकिटात घाला," आतून साहेबांचा आवाज आला. "तिकीट वाचेल. आणि नीट चिकटवा हं. मागचं तुमचं उघडंच आलं होतं."

तिने अहवाल घातला, त्यामागे यादी घातली. गोंद लावला, पाकीट मिटलं आणि त्यावर तळहात दाबून धरला.

हेडक्लार्क डाकेची पिशवी उघडी धरून समोर उभे होते. थोडा वेळ थांबले.

"ताई," ते म्हणाले, "चिकटलं असेल आता."

तिने हात उचलला नाही.