अजून एक राहिलंय

“अजून एक राहिलंय,” काकांनी नव्या घरातल्या दुरुस्त्यांची यादी टेबलावर सरकवली.

बिल्डरने डोळे मिटले. मंगळवार होता. भिंतीवरचं घड्याळ एखाद्या मंगळवारी बंद पडेल, पण काका चुकायचे नाहीत.

“आता काय?”

“मोरीचा उतार उलटा आहे. पाणी दाराकडे येतं. आणि हॉलमधली खिडकीजवळची फरशी पोकळ वाजते.”

“ती फरशी गेल्याच आठवड्यात बसवली, काका!”

“हो ना,” काका हळहळले. “पण वाजते.”

इतर गिऱ्हाइकं आली की ऑफिस डोक्यावर घ्यायची. एकाने तर असा आवाज लावला होता म्हणतात, की खाली उभ्या असलेल्या मोटारींचे भोंगे आपोआप सुरू झाले. काका मात्र कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत.

“पुढच्या आठवड्यात बघू,” बिल्डरने ठेवणीतलं वाक्य काढलं. हे वाक्य ऐकून माणसं खुर्च्या उचलायची. काकांनी उलट हात जोडले.

“चालेल, चालेल. घाईचं काम नकोच. एकेक करून करा.”

ते जिना उतरल्यावर बिल्डर मिस्त्रीला म्हणाला, “हा म्हातारा माझं डोकं खातो आणि वर ढेकरही देत नाही.”

“चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीत त्यांनी, साहेब. दुसऱ्याच्या चुका काढायच्या, हाच धंदा. छापखाना सुटला, खोड कशी सुटेल?”

यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत होती. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला की बेडरूमचं दार चौकटीत अडकायचं. दार तासलं की कपाटाची बिजागरी निखळायची. बिजागरी बसवावी, तर भिंतीला परवा नव्हती ती भेग आज हजर. मिस्त्रीने जन्मभर घरंच बांधली होती, पण इतकं वांड घर त्याने पाहिलं नव्हतं. या घराला शाळेत घालायला हवं, असं तो म्हणायचा.

‘माझी काही तक्रार नाही’ असा एक छापील कागद होता. त्यावर काकांची सही झाली की बिल्डर सुटला असता. मिस्त्री दर खेपेला तो पुढे करायचा. काका चष्मा चढवून अक्षर न् अक्षर वाचायचे आणि परत द्यायचे.

“‘पूर्ण’ शब्द चुकलाय तुमचा. ‘पू’ दीर्घ हवा. दुरुस्त करून आणा.”

एका सोमवारी मिस्त्री ऑफिसात आला.

“काय रे, फरशी परत वाजली?”

“नाही साहेब. काल काका डबा घेऊन निघाले होते, म्हणून सहज मागोमाग गेलो. काकू इस्पितळात आहेत. वर्ष होत आलं. कुशीवर वळायलाही माणूस लागतो. काका आत शिरतात न शिरतात तोच काकूंनी विचारलं, ‘झालं का घर?’ काका म्हणाले, ‘नाही गं, मोरी राहिलीय अजून.’ अशा भडकल्या काकू! तुमच्या सात पिढ्या उद्धारल्या. ‘त्या मेल्याला सांगा, माझ्याशी गाठ आहे,’ म्हणाल्या. आणि त्या तावात अख्खा डबा संपवला.”

बिल्डरची स्वतःची आई भाड्याच्या खोलीतच गेली होती. तेव्हा त्याच्या सात इमारती उभ्या होत्या.

“उद्या किती माणसं मिळतील?”

“चार.”

“तीस आण.”

मंगळवारी काका नवी यादी घेऊन आले. ऑफिसातल्या मुलीने त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला. “साहेब येतीलच,” असं सांगत तिने एकामागून एक चार चहा पाजले. तिकडे मिस्त्रीकडच्या किल्लीने उघडलेल्या काकांच्या घरात तीस माणसं मुंग्यांसारखी लागली होती. मोरी उखडून नव्याने केली. फरशी बसली, भेगा बुजल्या, दारं लोण्यासारखी फिरू लागली. यादीत नव्हतं तेही झालं. बिल्डरने स्वतः रुपया घेऊन एकेक फरशी वाजवून पाहिली. चारच्या सुमाराला त्याने सगळ्या खोल्यांचं फोनवर चित्रण केलं आणि तडक इस्पितळ गाठलं.

“काकू, मीच तो मेला,” तो म्हणाला.

काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “बऱ्या तोंडाचा दिसतोस की. काम का असं करतोस?”

त्याने फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. काकूंनी सगळं घर दोनदा पाहिलं.

“खिडकी उघडते?”

“एका बोटाने.”

“आणि मोरी?”

“थेंब न् थेंब जाळीत जातो.”

“म्हणजे काहीच राहिलं नाही?”

“नखाएवढंसुद्धा नाही, काकू.”

काकूंनी त्याच्या हातावर हात ठेवला. त्या हाताला वजन असं नव्हतंच. “चांगलं केलंस, बाळा. सुखी राहा.”

नर्स औषधाचा चमचा घेऊन आली. काकूंनी हळूच तोंड भिंतीकडे फिरवलं.

“आता नको गं.”

वाट पाहून कंटाळलेले काका तेवढ्यात दारात आले. बिल्डर उठला. त्याचे डोळे भरले होते, आणि चेहरा असा फुलला होता जणू आपल्याच आईला घरात नेऊन बसवलं.

“काका, आजपासून तुमची धावपळ संपली. घर सगळं पूर्ण झालं. काकूंना दाखवलंसुद्धा!”

काका काकूंच्या भिंतीकडे वळलेल्या तोंडाकडे पाहत राहिले. मग चमच्याकडे. स्टूल चाचपत ते खाली बसले. मुद्रितातली चूक दाखवावी तसा त्यांचा आवाज हलका होता.

“डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले होते, साहेब. ‘घर पुरं झालेलं बघते आणि सुटते,’ म्हणाली होती. अकरा महिने मी ते घर मोडतोय.”