हसायची जागा

आठवडाभर तो स्वयंपाकघरात लाटणं माइकसारखं धरून बायकोला आपले विनोद ऐकवत होता. ती हसायला चुकली की लाटणं ओट्यावर आपटायचा. "इथे हसायचं. कळलं?" म्हणायचा आणि तोच विनोद पहिल्यापासून सुरू करायचा.

शनिवारी कॅफेतल्या ओपन माइकला तो उभा राहिला. एकेक विनोद फुसका निघत गेला. कोणी मोबाइल बघत होतं, कोणी कॉफी ढवळत बसलं होतं. मागच्या टेबलावरून एकटी बायको तेवढी प्रत्येक विनोदाला खळखळून हसत होती.

"सासूबाई दार उघडतात, बघतात तर काय..." म्हणत तो क्षणभर थांबला आणि जागा हुकेल या धास्तीने ती आधीच हसून मोकळी झाली.

"वहिनी, त्यांना सांगू तरी द्या," निवेदक म्हणाला. अख्खा कॅफे पोट धरून हसला. माइक आवळून, तिच्याकडे बघत तोही हसला.



तिने कानातले डूल काढून पर्समध्ये ठेवले. मागच्या कार्यक्रमानंतर फाटलेली कानाची पाळी आत्ता कुठे भरून आली होती.