घंटा वाजली नाही तेव्हा

त्या रविवारी घंटा वाजली नाही. पाळकीणबाई सवयीने दोराला हात घालायला गेल्या, तर मिशनचे मोठे साहेब म्हणाले, “राहू द्या हो आता. येतंय कोण?” बाईंनी दोर सोडला, तरातरा मागच्या खोलीत गेल्या आणि बांधाबांध करताना सगळा राग पातेल्यांवर काढला. साहेबांना तो नीट ऐकू आला.

पण साहेबांचं तरी काय चुकलं? परका मुलूख, त्यात ही अन्नाची टंचाई, आणि ख्रिस्ताचं देऊळ रिकामं. इथलं काम बंद, असा ठराव घेऊनच ते आदल्या दिवशी आले होते. थोड्या वेळात लॉरी येणार होती. रस्त्याकडे उघडणारं दार देवळाचंच, म्हणून घरातल्या ट्रंका बाकांमधल्या वाटेत आणून ठेवल्या होत्या.

देऊळ रिकामं असायचं हे खरं, पण उपासना कधी चुकली नव्हती. समोर हजार माणसं बसल्यासारखे बाईंचे यजमान, म्हणजे पाळक, प्रवचनात गरजायचे. लेक अर्पणाची थाळी आईपुढे धरायची, मग बाबांपुढे, मग ओशाळून ठेवून द्यायची. शेवटी पाळक सूचनाही वाचायचे, “उशिरा येणाऱ्यांनी मागच्या दाराने यावं.” बाई म्हणायच्या, “अहो, लवकर येणारे तरी कुठायत?”

आज पाळक पहिल्या बाकावर नुसते बसून होते.

“अगं,” ट्रंका लावायला आलेल्या बाईंना त्यांनी विचारलं, “म्हणजे इतकी वर्षं मी भिंतींशीच बोललो ना?”

खोकल्याचं निमित्त करून बाई ट्रंकेमागे वाकल्या आणि डोळे पुसत राहिल्या.

तेवढ्यात दार उघडलं. गल्लीच्या तोंडावरचा सुतार आत आला. टोपी हातात, खिशातून मोजपट्टी लोंबतेय. त्याच्या मागे सुईण, तिच्या मागे शाली गुंडाळलेल्या बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. सगळ्यांच्या माना खाली.

“कधी गेल्या?” सुताराने हळूच विचारलं.

“कोण?” पाळक उठून उभे राहिले.

“पाळकीणबाई. घंटा नाही वाजली आज. सगळा हिवाळा खोकत होत्या बिचाऱ्या. म्हटलं, दोर ओढणारं माणूसच गेलं. शवपेटीचं माप घ्यायला आलोय. फळ्या आहेत माझ्याकडे, तुम्ही काळजी करू नका.”

“अरे मेल्या, ही काय मी!” बाई ट्रंकेमागून ताडकन उभ्या राहिल्या. “चांगली धडधाकट आहे. ठेव ती पट्टी खिशात!”

सुतार दोन पावलं मागे सरकला. सुईण पुढे धावली, बाईंच्या गळ्यात पडली आणि हसता हसता रडायला लागली. मग मागच्या बायकाही रडल्या. पाळकांना काही उमगेना.

“पण तुम्ही लोक इथे कधी येत नाही,” साहेब म्हणाले.

“येत नाही कसे? दर रविवारी असतो की!” सुईण डोळे पुसत म्हणाली. “शेजारच्या बेकरीची पावाची रांग या भिंतीला लागूनच असते, साहेब. आणि यांचा आवाज काय, बहिऱ्यालाही ऐकू जाईल. पोटात काही नसलं ना, तरी त्या आवाजावर तास न् तास उभे राहिलो आम्ही.”

“मग आत का नाही आलात?”

“रांग सोडून? आणि पोरांना काय खायला घालू, दगड?”

“माझी एक तक्रार आहे,” सुतार मध्येच म्हणाला. “शेवट कधी ऐकायला मिळत नाही. हे रंगात येतात आणि नेमका आमचा नंबर लागतो. पाव घेतला की घरी पळायचं. मागच्या वेळचा तो वादळातला नावाडी, तो बुडाला की वाचला? बायको रोज विचारते. मी काय कपाळ सांगू?”

पाळकांच्या एकदम लक्षात आलं.

“आणि आजची रांग? अहो, जा! आधी जा! पाव संपला तर उपाशी राहाल सगळे!”

कोणी हललं नाही. सुईण पहिल्या बाकावर जाऊन बसली. मग बाकं भरली, बाकं संपली तशी पोरं ट्रंकांवर चढली. बाईंनी साहेबांनाही एका ट्रंकेच्या कडेला जागा करून दिली. सगळ्यात शेवटी दोन टोपल्या घेऊन बेकरीवाला दारात आला.

“दुकानापुढे चिटपाखरू नाही,” तो करवादला. “पाव काय मी कावळ्यांना वाटू?”

पाळक व्यासपीठावर चढले. समोर माणसंच माणसं. त्यांनी कोटाची बटणं लावली, सोडली, पुन्हा लावली.

“अहो, बोला की!” बाई म्हणाल्या. “भिंतींपुढे एवढे गरजत होतात, आता काय झालं?”

सगळं देऊळ हसलं. पाळकही हसले.

“नावाडी वाचला,” ते म्हणाले, आणि सुताराने मोठ्याने सुस्कारा सोडला. मग तो कसा वाचला ते पाळक सांगू लागले, आणि आवाज बघता बघता छताला भिडला.

बाहेर लॉरीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. साहेब पोरांमधून वाट काढत दारापाशी गेले.

“रिकामीच ने परत,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “आणि तो हॉर्न बंद कर बाबा. ऐकू येत नाहीये.”