आईच्या जन्माचा दाखला

“हे पान उघडणार नाही,” कारकून म्हणाला, आणि त्याने उघडून बघण्याचे कष्टही घेतले नाहीत.

जन्मनोंदणीचं जाडजूड रजिस्टर टेबलावर पडलं होतं. कधीतरी कचेरीचं छत गळलं होतं आणि त्या सालची सगळी पानं चिकटून त्यांची वीट झाली होती. त्या विटेत कुठेतरी आईचा जन्म होता.

“मग आता?” लेकीने विचारलं.

“नोंद मिळत नाही असा दाखला घ्या. तो जोडून नव्या नोंदीसाठी अर्ज करा. सोबत प्रतिज्ञापत्र, शाळेचा उतारा, आणि आईंपेक्षा वयाने मोठे असे दोन साक्षीदार. सोमवारी या.”

आई एकाहत्तर वर्षांची. तिच्याहून मोठं आणि सही करण्याइतका हात धड असलेलं माणूस शोधायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. कारकुनाचं नाव लेकीने घरी ‘सोमवारवाला’ असं ठेवलं होतं. ही त्याच्याकडची तिची नववी खेप.

आईचे वडील परदेशात जन्मलेले. जहाजावर सुतार म्हणून आले आणि इथेच राहिले. त्यांच्या देशाचा नियम होता, रक्ताचं नातं कागदावर दाखवा आणि पासपोर्ट घ्या. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या लेकीला हे एका गिऱ्हाइकाने सांगितलं, त्या दिवसापासून तिला झोप नव्हती. ती त्रेचाळीस वर्षांची होती. लग्न राहून गेलं होतं. ही एकच वाट उरलीय, असं तिने मनाशी धरलं होतं.

आजोबांचा दाखला आईच्या आतेबहिणीने तिकडून पंधरा दिवसांत पाठवला. घोडं अडलं ते इथे.

वकिलातीचे फॉर्म तिकडच्या भाषेत होते. ती भाषा आजोबांनी आईला शिकवलेली. लेकीला तिचं अक्षरही कळत नसे. संध्याकाळी आई भिंग घेऊन टेबलाशी बसायची, ओळीवर बोट ठेवून वाचायची आणि पुढे काय आणायचं ते सांगायची. लेक लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी धावत सुटायची.

“माझा दाखला नाही का लागत?”

“तो शेवटी. आधी माझं सगळं नीट लागू दे.”

“आणि फोटो?”

“तेही आधी माझेच. तुझ्याआधी मी येते ना गं, क्रमाने.”

यात काही चुकीचं नव्हतं.

घरचं सगळं लेकीवर होतं. गोळ्या, पथ्य, मीठ किती, झोपायचं कधी. आई जिन्यात घसरली तेव्हापासून कामावर जाताना ती बाहेरून कुलूप लावायची. शिवणाचं मशीन तिने विकून टाकलं, डोळ्यांना ताण नको म्हणून. आईने कुणाला फोन केला तर कुणाला, काय, कशाला, हेही तिलाच बघावं लागे. फक्त आतेबहिणीशी आई तिकडच्या भाषेत बोलायची, ते तेवढं तिला कळत नसे. जीव नुसता घुसमटायचा. आपण गेलो तर हिचं काय, आणि नाही गेलो तर आपलं काय, यातच तिची वर्षं गेली होती.

एकदा भांडी विसळताना ती बोलून गेली. “मी गेले तर तुझं कसं होईल?”

“होईल काहीतरी.”

“तू एकदाही नको म्हणाली नाहीस.”

“नको कशाला म्हणू? जायचं असेल त्याने जावं. जन्मभर अडकून काय पडायचं?”

लेकीला भरून आलं. आई इतक्या मोठ्या मनाची असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्या रात्री तिने आईच्या भाजीत चिमूटभर मीठ जास्त घातलं.

साक्षीदार मिळाले. एक निवृत्त पोस्टमन, आणि एक पंचाहत्तरीच्या शेजारीणबाई, आईच्या लहानपणच्या.

“तुम्ही जन्म पाहिलात?” सोमवारवाल्याने विचारलं.

“मला बाहेर बसवलं होतं,” शेजारीणबाई म्हणाल्या. “पण रडणं ऐकलं. फार मोठा आवाज. आख्ख्या गल्लीला कळलं.”

त्याने मान वर न करता लिहिलं, ‘आवाज ऐकला.’ तेवढं पुरलं.

चौदा महिन्यांनी कोरा करकरीत दाखला हातात आला. आईने तो दोनदा वाचला. वकिलातीच्या खिडकीत अर्ज तिनेच दिला. आतला माणूस फक्त तीच भाषा बोलायचा. दोघं बराच वेळ बोलले, एकदा हसलेही.

“काय म्हणाला?”

“तीन महिने लागतील म्हणाला.”

तीन महिन्यांनी पत्र आलं. पासपोर्ट द्यायची खिडकी वेगळी होती, आणि तिथली मुलगी इथलीच, आपल्या भाषेत बोलणारी. तिने एक पासपोर्ट पुढे सरकवला. आईने सही केली.

लेक वाट बघत उभी राहिली. “आणि माझा?”

“तुमचा अर्ज नाहीये, ताई.”

“बरं, आता करायचा असेल. फॉर्म द्या.”

“तुम्हाला नाही करता येणार. हा हक्क फक्त मुलांना आहे, नातवंडांना नाही. फॉर्मच्या पहिल्याच पानावर लिहिलंय ते.”

लेक आईकडे वळली.

“तुला माहीत होतं?”

“मला वाचता येतं,” आई म्हणाली.

तिने पासपोर्ट पिशवीत ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि खिडकीशी वाकून विचारलं, “यावर लगेच प्रवास करता येतो ना?”

“हो आजी. अगदी उद्यासुद्धा.”

“उद्या नाही,” आई म्हणाली. “परवाचं तिकीट आहे.”