काथोडबाबांची तंद्री

या, जरा जवळ सरका. ब्याण्णव सालातली, चेणे गावच्या काथोडबाबांची गोष्ट सांगतो.

जन्मभर वांगी-भेंडीवर उघड्या हातांनी औषध फवारलेले बाबा कीर्तनात टाळ धरायचे. त्या साली अभंगाच्या मध्येच त्यांचे शब्द हरवायचे, हात कापायचे, डोळे वाहायचे. "तंद्री लागली," असं बुवा म्हणायचे आणि गाव बाबांच्या पाया पडायचं.

बाबांची बायको पदीबाय दवाखान्याचं बोलली, तेव्हा बुवा हसले. "अगं, एवढी भक्ती का कुणी डॉक्टरला दाखवतं?"

"तंद्री न्हाय बुवा, ते फवारणीचं औषध डोस्क्यात चढलंय," ती दमून म्हणाली. "आज सकाळी चहा दिला, तर मलाच इचारलं, 'बाय, तू कोनाची?'"

 

बाबांना ती आठवेनाशी झाली. तुम्ही तरी पदीबायची आठवण ठेवा.